कळसूबाईवर पाय तयार होतात, रक्त नाही

परवा बाजारात गवार निवडत होतो, तेवढ्यात मागून हाक आली. "भाऊ, जरा थांबा." बघतो तर आमच्या गल्लीतल्या एका पोराची आई. पोरगं बँकेत आहे, वय अठ्ठावीस, रविवार आला की कळसूबाई नाहीतर हरिश्चंद्रगड. ऑगस्टमधे तो आणि गावातले आणखी चौघं हिमाचलात युनाम नावाच्या शिखरावर चाललेत. उंची ६,१११ मीटर. माउलीचा प्रश्न सरळ होता. "तुम्ही जाऊन आलाय म्हणं तिकडं बर्फात. पोराला जाऊ देऊ का?"

बाजारात उभ्या उभ्या काय सांगणार? "बोलतो त्याच्याशी" म्हणालो आणि निघालो. रात्री पोरानं त्यांचा प्लॅन व्हॉट्सॲपवर पाठवला. पहिला मुक्काम मनाली, दुसरा जिस्पा, तिसरा भरतपूरचा कॅम्प, मग एक दिवस आराम, मग मध्यरात्री शिखराकडं. त्यातल्या 'आराम' या शब्दावर काट मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'रजा शिल्लक नाही. सगळे फिट आहेत. गरज नाही.'

त्या काट मारलेल्या शब्दासाठी ही पोस्ट आहे. लांबणार आहे, पण आपल्या अकोले तालुक्यातली किती तरी पोरं आता हिमालयाकडं वळलीत, म्हणून सगळंच लिहितो.

आधी त्यांच्या बाजूनं बोलतो. पोरांनी तयारीत कसूर ठेवलेली नाही. चार महिने झाले, पाठीवरच्या सॅकमधे दहा-बारा किलो तांदूळ भरून बारीतून वर चढतात. शिड्यांवर आपण धापा टाकतो तिथं ही पोरं गप्पा मारत जातात. एकानं तंबाखू सोडली, घरच्यांनी देवापुढं पेढे ठेवले. बूट दोन महिने आधी घेतले आणि पायात मुरवले. हे सगळं लागतंच, आणि पुष्कळ लोक एवढंही करत नाहीत.

पण एक हिशेब बघा. कळसूबाई १,६४६ मीटर. महाराष्ट्रात याच्यापेक्षा उंच जागा नाही, आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असावाच. मनालीचा बाजार २,०५० मीटरवर आहे. म्हणजे आपल्या राज्याचं सगळ्यात उंच टोक मनालीतल्या चहाच्या टपरीपेक्षा चारशे मीटर खाली. कळसूबाई शंभर वेळा चढलात तरी पाय, गुडघे, छाती आणि जिद्द तयार होईल. विरळ हवेची सवय मात्र इथं होऊ शकत नाही, कारण विरळ हवा आपल्याकडं नाहीच.

वर ऑक्सिजन कमी होतो असं आपण म्हणतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण शिखरावरही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रकाठच्या निम्मा होतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांश. दाब उतरला की प्रत्येक श्वासात आत येणारी हवाच थोडी. शरीर यावर उपाय करतं. श्वास वाढवतं, मूत्रपिंड रक्तातला क्षार बाहेर टाकायला लागतं (म्हणून वर लघवीला सारखं लागतं, ती चांगली खूण), आणि काही आठवड्यांत रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. हे काम तासांत होत नाही. याला दिवस लागतात. ते दिवस माणसाला कळायला चारशे-साडेचारशे वर्षं लागली आणि त्यात बरीच माणसं गेली.

दौलत बेग ओल्डी हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. लडाखात चीनच्या सीमेजवळची आपली धावपट्टी, पाच हजार मीटरवर. २०१३ साली तिथं हवाई दलाचं मोठं मालवाहू विमान उतरलं तेव्हा आम्ही पत्रकारांनी छाती फुगवून बातम्या दिल्या. तुर्की बोलीतल्या या नावाचा अर्थ सांगतात तो असा, मोठा माणूस जिथं मेला ती जागा. तो मोठा माणूस यारकंदचा सुलतान सईद खान, असं काहीजण मानतात. १५३२ साली तो फौज घेऊन काराकोरम ओलांडून लडाखकडं आला. सोबत त्याचा आतेभाऊ मिर्झा हैदर, जो नात्यानं बाबराचाही मावसभाऊ. वाटेत सुलतानाला हवा लागली. पुढच्या वर्षी परतताना तो वाटेतच गेला. हैदरनं पुढं 'तारीख-इ-रशीदी' नावाचा इतिहास लिहिला, त्यात या दुखण्याला 'दम-गिरी' म्हटलंय. श्वास कोंडतो, झोप लागत नाही, डोळा लागला की दचकून जाग येते, घोड्यांनासुद्धा होतं, आणि परक्या माणसालाच होतं, तिथल्या माणसाला नाही, असं त्यानं नोंदवलंय. शेवटचं निरीक्षण तर फार मोलाचं. सुलतानाकडं फौज, हकीम, घोडे, कशाची कमी? हवेला त्याचं काय. तिनं सुलतान आणि घोडा एकाच मापानं मोजला.

आता फ्रान्समधे जाऊ. पॉल बेर नावाचा शास्त्रज्ञ तिथं बंद टाकीतली हवा काढून, आत प्राणी आणि माणसं बसवून (स्वतः सुद्धा बसून) काय होतं ते तपासत होता. त्रास दाब उतरल्यामुळं ऑक्सिजन पुरत नाही म्हणून होतो, हे त्यानं सिद्ध केलं. त्याच्या टाकीत बसून सराव केलेले दोघं, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल, आणि तिसरा तिसांदिए, असे तिघं १५ एप्रिल १८७५ ला 'झेनिथ' नावाच्या फुग्यातून वर गेले. सोबत ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या. त्या पुरणार नाहीत असं पत्र बेरनं पाठवलं, ते वेळेत पोचलं नाही. फुगा आठ हजार मीटरच्या वर गेला. ऑक्सिजनची नळी समोर लोंबत होती आणि ती तोंडात धरायला हात उचलेना. दोघं मेले. तिसांदिए वाचला, पण बहिरा झाला. त्यानं नंतर जे सांगितलं ते वाचून मला आजही घाम फुटतो. त्या वेळी भीती वाटत नव्हती, उलट बरं वाटत होतं.

आता याच्या शेजारी दुसरी तारीख ठेवा. ८ मे १९७८. राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर एव्हरेस्टच्या माथ्यावर, ८,८४८ मीटरवर, ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय चालत पोचले आणि जिवंत खाली आले. फुग्यातले त्याहून कमी उंचीवर बसल्या जागी मेले. माणूस तोच, फुप्फुसं तीच. मेसनर-हाबेलर कसलेले गिर्यारोहक होते हे खरंच, पण फुगेवाले दोन तासांत तिथं पोचले होते आणि हे दोघं कित्येक आठवडे डोंगरावर वरखाली करत राहिले होते. मधला फरक त्या आठवड्यांचा. मला विचाराल तर हिमालयात जाणाऱ्या प्रत्येक पोराला या दोन गोष्टी एकापाठोपाठ एक सांगितल्या पाहिजेत. बाकी बूट-काठीचं ज्ञान यूट्यूबवर फुकट मिळतं.

१९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचं आपण तेनसिंग-हिलरीचं चित्र बघतो आणि पान उलटतो. तेनसिंग त्याआधी १९३५ पासून त्या डोंगरावर जात होता, सातव्या खेपेला माथ्यावर पोचला. १९५२ च्या वसंतात तो आणि स्विस गिर्यारोहक लांबेर माथ्यापासून जेमतेम अडीचशे मीटरवरून परत फिरले. आदल्या रात्री त्यांच्याकडं झोपायच्या पिशव्या नव्हत्या आणि बर्फ वितळवायला चूलही नव्हती. मेणबत्तीवर डबा धरून घोटभर पाणी केलं. त्याच वर्षी ग्रिफिथ प्यू नावाचा ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ चो ओयू शिखराच्या मोहिमेत माणसांचे श्वास, पाणी, जेवण मोजत बसला होता. त्याच्या सांगण्यावरून पुढच्या वर्षी भरपूर पाणी, त्यासाठी भरपूर इंधन, ऑक्सिजनचा वाढीव पुरवठा आणि चढाईच्या आधी सुमारे तीन आठवडे फक्त उंचीची सवय करायला ठेवले. ती मंडळी मार्चमधे काठमांडूहून पायी निघाली, साडेतीनशेच्या वर हमाल सोबत, आणि शिखर गाठलं २९ मेला. आपल्याकडं त्यानंतर दीड वर्षात, नोव्हेंबर १९५४ मधे, दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था निघाली. तिथला बेसिक कोर्स २८ दिवसांचा. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचलेले पहिले महाराष्ट्रीय ठरले, त्यालाही आता पाव शतक उलटून गेलं. म्हणजे मराठी माणसाला हे काही नवीन नाही.

पण एव्हरेस्टवाल्यांचं सोडा. आपल्यासारख्या ट्रेकरला जास्त शिकवलं ते आपल्याच जवानांनी.

१८९१ साली माँ ब्लाँ डोंगरावर ४,३०० मीटरच्या वरच्या झोपडीत झाकोते नावाचा एक तरुण डॉक्टर मेला. उंचीचा परिणाम स्वतःवर बघतो म्हणून खाली यायला तयार नव्हता. फुप्फुसांत पाणी झालं होतं. पुढं सत्तर वर्षं असं कुणी मेलं की डॉक्टर कागदावर न्यूमोनिया लिहायचे. तरुण, धडधाकट माणूस, दोन-तीन रात्रीत खोकला, धाप, तोंडाला फेस, आणि निदान न्यूमोनिया. हा उंचीचा वेगळा आजार आहे हे इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात नीट छापून आलं १९६० साली, अमेरिकेच्या चार्ल्स ह्यूस्टनकडून. आणि दोनच वर्षांनी, १९६२ ला, सपाटीवरचे हजारो जवान घाईघाईनं लडाख आणि नेफाच्या उंचीवर पाठवावे लागले. अंगात सुती कपडे, पायात कॅनव्हासचे बूट, हे आपण वाचलंय. सवय व्हायला दिवस मिळाले नाहीत, हे फारसं कुणी बोलत नाही. गोळी न लागताही माणसं कोसळत होती. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास केला आणि १९६९ मधे तो प्रसिद्ध केला. जगभरचे डॉक्टर आजही त्याचा दाखला देतात.

त्यातून आपल्या लष्करानं जो नियम बसवला तो बघा. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस. पुढं १५,००० फुटांपर्यंत चार दिवस. त्याच्या पुढं आणखी चार दिवस. चौदा दिवस झाल्याशिवाय जवान कामाला लावत नाहीत. वीस-बावीस वर्षांची, रोज पहाटे पळणारी पोरं ती. आणि आपले पाचजण? मनालीहून निघाल्यावर तिसऱ्या रात्री शिखराकडं.

आता माझं सांगतो. घरच्यांनाही पूर्ण माहीत नाही, आज वाचतील.

२०१६ साली लडाखात एका शिखरावर गेलो होतो, मी तेव्हा छत्तिशीत. विमानानं लेहला उतरलो, म्हणजे तास-सव्वातासात साडेतीन हजार मीटर. ठरल्याप्रमाणे पायथ्याच्या कॅम्पवर एक दिवस विश्रांती होती. नेणाऱ्या एजन्सीनं ती कापली, गटातल्या काहींची परतीची विमानं होती म्हणून. कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही. त्या दुपारपासून माझं डोकं ठणकत होतं, जेवण नको वाटत होतं. गाइडनं विचारलं, "सर, ठीक आहे?" मी म्हणालो, "एकदम." का म्हणालो? निघायच्या आधी पेपरात माझा फोटो आला होता, चौकात फ्लेक्स लागला होता. डोकेदुखीनं परत आला असं गावात कोण सांगणार? मी शर्टच्या खिशात कापराची वडी ठेवली होती, ती हुंगत राहिलो. कापरानं नाक मोकळं वाटतं, रक्तात ऑक्सिजन जात नाही, हे मला आता कळतं.

रात्री अकराच्या सुमारास आडवं होता येईना. बसून श्वास घेतला तरी छातीत हुक्क्यासारखा आवाज. शेजारच्या तंबूतल्या घोडेवाल्यानं तो आवाज ऐकला. त्यानं मला काही विचारलं नाही. घोड्यावर जीन टाकलं, मला बसवलं, एका हातानं लगाम आणि दुसऱ्या हातानं माझी कंबर धरून रात्रीत सहा-सातशे मीटर खाली आणलं. उजाडताना मी चहा प्यायलो आणि तो पोटात राहिला. औषध म्हणाल तर तेच, खाली उतरणं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फिल्म बघून सांगितलं, वर आणखी काही तास थांबला असता तर इथपर्यंत आला नसता. घोडेवाल्याला मी पैसे देऊ केले, त्यानं ठरलेल्या मजुरीपेक्षा जास्त घेतले नाहीत. गावात येऊन मी सांगितलं, हवामान खराब होतं म्हणून परत आलो.

त्या एजन्सीला मी वर्षभर शिव्या दिल्या. विश्रांती त्यांनी कापली हे खरं. पण "एकदम" हा शब्द माझा होता.

युनामच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला, नऊ किलोमीटर लांब. पूर्वी मनालीहून लाहौलला जायला ३,९७८ मीटरचा रोहतांग ओलांडावा लागायचा, अर्धा दिवस तिथल्या गर्दीत जायचा. लाहौलच्या लोकांना हिवाळ्यात दवाखान्यापर्यंत जाता येत नव्हतं, त्यांच्यासाठी बोगदा वरदानच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आपण आता मनालीहून दोन-अडीच तासांत केलाँगला पोचतो आणि दुसऱ्या दिवशी जीपमधे गाणी ऐकत बारालाचाच्या पलीकडं. रस्ता सुधारला, रक्त तेवढंच राहिलं. जिस्पा साधारण ३,२०० मीटर, भरतपूर साडेचार हजारांच्या वर. डॉक्टरांचा साधा नियम असा की तीन हजारांच्या पुढं झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. जिस्पा ते भरतपूर म्हणजे तीन दिवसांची उंची एका जीपप्रवासात. आणि वर आरामाच्या दिवसावर काट.

आपल्याकडं वारीत कुणी पळतं का? आळंदीहून निघालेली पालखी दिंडीच्या चालीनं जाते, मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले. धडधाकट पोरगा पुढं पळाला म्हणून पंढरपूर आधी येत नाही. आपल्या आज्यांना हे कळत होतं. आपण मात्र बारी ते माथा किती मिनिटांत, याचा स्क्रीनशॉट टाकतो.

तर काल संध्याकाळी पाचही जणांना घरी बोलावलं. दोन तास बोललो. जिस्पात दोन रात्री, दिवसा वर चढून पुन्हा खाली झोपायला यायचं. मग पात्सिओला एक रात्र, झिंगझिंगबारच्या बाजूला चार हजारांच्या वर दोन रात्री, मग भरतपूर, तिथंही एक पूर्ण दिवस आराम, मग शिखर. डायमॉक्स घ्यायची का ते आपल्या डॉक्टरांना विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगून. रोज संध्याकाळी प्रत्येकानं टाचेला बोटं लावत सरळ रेषेत दहा पावलं चालून दाखवायची, तोल गेला की चर्चा नाही, त्याच रात्री खाली. बसल्या जागी धाप लागली तरी तेच. आणि पाचांपैकी कुणी "एकदम" म्हणाला तर बाकीच्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

एकजण म्हणाला, "दादा, एवढे दिवस लावायचे तर रजा?" प्रश्न रास्त आहे. बँकेतल्या पोराला बिनपगारी रजा मिळतेय, दोघांचा स्वतःचा धंदा आहे, एकाला शाळेतून सुट्टी काढता येईल. पाचव्याची कंपनी सोडत नाही. तो थोडा रडवेला झाला. मग स्वतःच म्हणाला, मी जिस्पापर्यंत येतो, दोन दिवस तुमच्यासोबत चालतो आणि परत फिरतो. मला त्या पोराचं फार कौतुक वाटलं. त्याचा फ्लेक्स कुणी लावणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

आणि माउली, तुम्ही ही पोस्ट सुनेकडून वाचून घ्याल हे मला माहीत आहे. पोराला जाऊ द्या. वर फोन लागेलच असं नाही, न लागला तर घाबरू नका. लागला तर जेवलास का हे नंतर विचारा. आधी डोकं दुखतंय का ते विचारा, आणि तो काय म्हणतो त्यापेक्षा बोलताना खोकतोय का तिकडं कान ठेवा.

बाकीच्यांसाठी, रविवारी पहाटे पाचला बारीत जमायचं आहे. सॅकमधे तांदूळ नेहमीएवढाच. पण या वेळी चार तासांच्या आत कुणी माथ्यावर पोचायचं नाही, आणि घड्याळ माझ्याकडं असेल.